खेकड्याचं गेजवस्त्र

"मौनानं कधी कुणाचं वाईट झालेलं नाही!" चातुर्मास लागला त्या दिवशी मीनाक्षीताई अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या मुलाच्या घरात छातीठोकपणे म्हणाल्या. जेवताना अवाक्षर काढायचं नाही. काढलं, तर ताट सोडायचं. चाळीस चातुर्मास त्यांनी हा नेम असाच पाळला होता.

अडचण नेमाची नव्हती, निर्माल्याची होती.

"ट्रॅशमध्ये टाक ना, आई," सिद्धेश म्हणाला.

देवाच्या अंगावरचं वस्त्र उष्ट्या पिझ्झ्याशेजारी? ताईंनी कानांवर हात ठेवले. जवळच्या तळ्यावर तर 'पाण्यात काही टाकू नये' अशी पाटी! मग एका सकाळी त्यांची नजर नातीच्या, सावनीच्या, माशांच्या टाकीवर गेली. पंप चालू होता. पाणी वाहतं होतं, आणि खारं, अगदी समुद्राचं! ताईंनी हात जोडले आणि कुंकू लावलेलं कापसाचं गेजवस्त्र अलगद आत सोडलं.

दुसऱ्या दिवशी सावनीनं टाहो फोडला. "बंटी इज गॉन!"

बंटी म्हणजे तिचा खेकडा. अंगावर शेवाळ चिकटवायचं आणि शेवाळातच दडून बसायचं, ही त्याची जन्माची खोड. सगळ्यांनी हिरवा पुंजका न् पुंजका चाचपला. बंटी नाही! सापडला तो एक दगड, पांढऱ्या बुरशीनं माखलेला, वर लाल ठिपके.

"हे कापसासारखं काय आलंय? आई, तू टाकीत काही टाकलंस का?" जेवताना सिद्धेशनं विचारलं.

ताईंनी नुकताच पहिला घास घेतला होता. देवच पावला! त्यांनी डोळे मिटले.

संध्याकाळी चहाच्या वेळी सुनेनं तेच विचारलं. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"चहालाही मौन, आई?" हिमानी चकित झाली.

ताईंनी मान डोलावली. पुढं शेंगदाणे खाताना मौन, औषध घेताना मौन! हिमानी मैत्रिणीला फोनवर सांगू लागली, "आमच्या आई म्हणजे ऋषीच आहेत गं!" ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं त्या बोलल्या नव्हत्या. त्या बोलल्याच नव्हत्या!

आणि सावनी रोज टाकीच्या काचेला नाक लावून म्हणायची, "सॉरी, बंटी."

शनिवारी दुपारी ताई जेवायला बसल्या आणि सिद्धेशनं चिमट्यानं तो दगड उचलून बादलीत टाकला. "बुरशी पसरायच्या आत फेकून देतो."

बादली ताटाजवळून गेली. ताईंनी आत पाहिलं, तर दगडाला दोन डोळे फुटले होते! पाठीवर व्यवस्थित पांघरलेलं त्यांचं गेजवस्त्र!

ताईंनी बोटांच्या नांग्या करून दाखवल्या.

"मीठ हवंय?" हिमानीनं विचारलं.

ताईंनी दोन्ही हात तिरके तिरके चालवले.

"अगंबाई! हात वाकडे होतायत! सिद्धेश, स्ट्रोक!"

"आई, हसून दाखव! तोंड वाकडं होतंय का बघू! हस ना!"

ताईंनी जिवाच्या आकांतानं बादलीकडे बोट दाखवलं.

"उलटी येतेय त्यांना! आधी ती बादली रिकामी कर!"

सिद्धेश कचऱ्याच्या डब्याकडे धावला.

"थांब!" ताई किंचाळल्या. "तो दगड नाही, बंटी आहे! आणि ती बुरशी नाही, माझं निर्माल्य आहे!"

आता मौन इतरांनी धरलं. सावनीनं बादलीत हात घातला. दगडानं पाय हलवले.

"ही इज अलाइव्ह!" ती रडत रडत हसली.

ताईंनी वरणभाताचं भरलं ताट हळूच बाजूला सारलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"तीन दिवस विचारतोय, आई. बोलली का नाहीस?"

"नेम होता रे."

"जेवतानाचा! शेंगदाण्यांचा कुठे होता?"

ताई टाकीकडे वळल्या. टाकीत सोडलेला बंटी हिरव्या शेवाळाच्या मधोमध पांढराशुभ्र, कुंकू लावून, निश्चल बसला होता.

"आजी, सगळे त्याला बघतायत," सावनी म्हणाली. "तरी तो इतका क्वाएट का?"

"देवाचं वस्त्र पांघरलं, की कुणी काही विचारत नाही," ताई पुटपुटल्या, "असं वाटतं गं त्याला."