तळ्याखाली झोपलेलं ‘ते’

एका जंगलात, बाळांनो, वाघसिंहांपेक्षा गोष्टीला जास्त मान होता. तिथं साळोजी नावाचा साळिंदर राहायचा. तो एक भलीमोठी गोष्ट रचत होता. तिच्यात राजे होते, तलवारी होत्या, आग ओकणारे नाग होते. रोज संध्याकाळी सगळं जंगल तळ्याकाठी ऐकायला जमायचं. भिंगरी हरिणीही आपल्या पाडसाला, गुंज्याला, घेऊन यायची. तिचा एक कान गोष्टीकडं असायचा, दुसरा झुडपांकडं.

गोष्टीतल्या राजांना देव हवा होता. साळोजीनं आधी एक प्रेमळ देव केला. तो वर द्यायचा, हाकेला धावायचा. ऐकणारे जांभया देऊ लागले. रानडुक्कर तर घोरलं.

“अंगावर काटा येईल असं काही सांगा,” ससा म्हणाला. “तुमच्या अंगावर काटे आहेतच, आमच्याही येऊ द्या.”

मग साळोजीनं ‘ते’ रचलं. ते चांदण्यांच्याही पलीकडून आलं. त्याला तोंड नाही, नाव नाही, आणि त्याचे डोळे मोजायला जाईल तो वेडा होतो. ते तळ्याखाली झोपलंय. आपण आहोत हे त्याला ठाऊकही नाही. पण मोठा आवाज झाला तर ते कूस बदलेल, आणि त्यानं कूस बदलली की जंगल उरायचं नाही. म्हणून गोष्टीतल्या पुजाऱ्यांचा मंत्र एकच होता: गप्प.

त्या संध्याकाळी कुणी जांभई दिली नाही. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी फुलं दिसली. मग तोंड नसलेल्या देवापुढं नैवेद्यही आला. वानरअण्णा आजवर शेंड्यावर बसून बिबळ्या दिसला की ओरडायचे, सगळ्यांना सावध करायचे. ते आता मुख्य पुजारी झाले आणि गप्प बसले.

साळोजी घाबरला. “अहो अण्णा, ते मी रचलंय. जेवण झाल्यावर, पडल्यापडल्या.”

“तुला तसं वाटतं,” अण्णा कुजबुजले. “त्यानंच तुझ्याकडून रचून घेतलं.”

साळोजी घरी गेला. खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं.

सगळ्यांत मोठा भक्त झाला बिबळ्या. “किती शांत वाटतं हो,” तो म्हणायचा. हाका बंद झाल्या आणि भेकराचं पिल्लू गेलं. मग रानडुकराचं गेलं. “त्यानं बोलावलं,” अण्णा म्हणाले. भेकरीण मुकाट्यानं रडली. मोठ्यानं रडायची सोय नव्हती.

भिंगरी मुळातच भित्री. पान हललं तरी ती चार उड्या लांब जायची. आता तिच्यापुढं दोन भीती होत्या, एक तळ्याखाली आणि एक झुडपात. तळ्याखालची कुणी पाहिली नव्हती. झुडपातलीला मिशा होत्या.

एका सकाळी तिला त्या मिशा दिसल्या. गुंज्या झुडपाशेजारीच पाणी पीत होता. भिंगरीनं तळ्याकडं पाहिलं, झुडपाकडं पाहिलं, आणि गळा फाटेस्तोवर हाक दिली.

कळप उधळला. गुंज्या आईमागं सुटला. बिबळ्याची झेप चिखलात पडली. तळ्यात एका बेडकानं उडी मारली. बाकी काही झालं नाही.

जे झालं ते दुपारी. अण्णांनी सभा भरवली.

“बिबळ्या आला होता,” भिंगरी म्हणाली.

“त्यांना भक्त म्हण.”

“माझं ध्यान मोडलं,” बिबळ्या म्हणाला. त्याच्या मिशांवरचा चिखल अजून वाळायचा होता.

“पण ते उठलं नाही ना, अण्णा?”

“आमच्या गप्प बसण्याच्या पुण्याईनं. ती तू आज सगळी संपवलीस, बाई.” अण्णांनी निकाल दिला. मायलेकरं कळपाबाहेर.

कळपाबाहेरचं पाडस किती टिकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. बिबळ्यानं ओठांवरून जीभ फिरवली आणि निकालाला मान तुकवली.

भिंगरीनं गुंज्याकडं पाहिलं. खरं बोलून झालं होतं.

“मी ओरडलेच नाही,” ती म्हणाली. “अंगाई म्हटली.”

“काय म्हटलीस?”

“अंगाई. ते चाळवलं होतं. पाणी हललेलं मी पाहिलं. पोर दचकून कधी उठतं, अण्णा? अंगाई थांबली की. घर एकदम चिडीचूप झालं की. तुम्ही कधी पोर निजवलंय?”

अण्णांनी निजवलं नव्हतं. आयांनी मात्र माना डोलावल्या. भेकरीण उठून उभी राहिली. “बरोबर आहे तिचं. गप्प बसून आपणच त्याला उठवत होतो.”

“हे गोष्टीत नाही,” बिबळ्या म्हणाला.

सगळे साळोजीकडं वळले. साळोजीनं भिंगरीकडं पाहिलं, मग तिच्या पायांत शिरलेल्या गुंज्याकडं.

“पुढच्या भागात आहे,” तो म्हणाला. “भक्तराजांच्या अंगावरचे ठिपके म्हणजे त्याचेच डोळे. ते दिसले की अंगाई म्हणायची. जेवढी मोठ्यानं, तेवढं पुण्य.”

बिबळ्याला नाही म्हणता येईना. एवढा मान त्याला जन्मात मिळाला नव्हता.

तेव्हापासून तो झुडपाबाहेर आला की सगळं जंगल भक्तिभावानं बोंबलतं, आणि अंगाई संपेपर्यंत त्याला मान खाली घालून उभं राहावं लागतं. बराच रोडावलाय. अण्णा सांगतात, व्रत कडक आहे.

तात्पर्य: बाळांनो, आधी एकदा खरं बोलून पाहावं. त्यानं काही झालं नाही, म्हणजे थाप मारायची वेळ आली असं समजावं. थाप मात्र देवाच्या नावानं मारावी. आपल्या नावानं मारली, तर लोक तिला थाप म्हणतात.