कुलूपबंद पिशवीची भुयारी मोहीम

सकल श्रोतेजनांस कळावे की, परमुलखी फिरावयास गेलेल्या माणसाचे पारपत्र म्हणजे त्याचा प्राण, आणि तो प्राण पिशवीत घालून शहराच्या भुयारी रेल्वेत शिरणे म्हणजे आगीशी खेळ. तो खेळ श्रीमंत भांडारराव खेळले, त्याची हकीकत पदरचा मीठमसाला बेताचाच घालून लिहिली असे.

भांडाररावांनी सारी हयात गोदामाच्या राखणीत घालविली. तेथील शिरस्ता ऐसा की, कुलूप एकाने लावावे आणि किल्ली दुसऱ्याने बाळगावी, म्हणजे दगाफटका होत नाही. नोकरी सुटली, शिरस्ता सुटला नाही. सबब परतीच्या दिवशी, संध्याकाळचे विमान गाठावयाचे असता, त्यांनी उभयतां नवराबायकोंची पारपत्रे आणि स्वतःचा फोनदेखील (खिशात फोन म्हणजे गनिमास आवतण) एका पिशवीत कोंडिला, आणि गाडीत शिरताच पिशवीचे तोंड आवळून तिजला त्याच साखळीने पोलादी खांबास जखडिली, आणि कुलूप ठोकून किल्ली कुटुंबाचे हवाली केली.

"अहो, लोक बघतायत," बाईसाहेब पुटपुटल्या.

"बघू देत. चोरही बघेल आणि शहाणा होईल."

मग उतरण्याचे स्थानक आले, आणि दरवाजे उघडले, आणि गर्दीचा लोंढा ऐसा उसळला की बाईसाहेब किल्लीसकट फलाटावर जाऊन पोहोचल्या, आणि इकडे भांडारराव पिशवी ओढतात तों साखळी खणाणली, आणि "किल्ली! अगं, किल्ली!" हा पुकार पुरा होण्याआधी दरवाजे मिटले. चुकामूक झाल्यास काय करावे, याची मसलत मात्र झालीच नव्हती. इतक्या भक्कम तटास एवढे एकच खिंडार राहिले होते.

पुढे उतरावे तर पिशवी गनिमास आंदण, न उतरावे तर कुटुंब अंतरले. भांडारराव पिशवीपाशीच ठाण मांडून बसले. तशात एक कोटवाला तरुण, मुद्रेने सोज्ज्वळ, शेजारी येऊन बसला, आणि दार उघडताच पिशवी उचलून विजेसारखा धावला, आणि साखळीने त्यास ऐसा हिसका दिला की तो समोरच्या बाईंचे मांडीवर बसता जाहला, आणि "चुकून हां, चुकून!" म्हणत पसार जाहला. भांडाररावांनी मिशीस पीळ भरला. तो पीळ शेवटल्या स्थानकापावेतो टिकला.

तेथे गणवेशधारी शिपायाने गाडी रिकामी करण्याचे फर्मान काढिले.

"आजोबा, उतरा. गाडी शेडमध्ये चाललीय."

आजोबा हा शब्द जिव्हारी लागला, परंतु वेळ बाका होता. "मी उतरतो हो. ही उतरत नाही!"

शिपायाने साखळी पाहिली आणि त्यास हसू आवरेना. "खांबाला बांधलेले काका ते तुम्हीच होय! निरोप आलाय तुमचा. हलू नका म्हणून सांगितलंय."

"हलतोय कुठं मी!"

घडले होते ते ऐसे की, बाईसाहेब गाडीमागे धावल्या नाहीत, आणि गोड बोलून मदतीस सरसावलेल्या अनोळख्यांस दाद दिली नाही, तर थेट स्थानकाच्या चौकीवर जाऊन पुढे खबर धाडविली, आणि पाठच्या गाडीने कूच केले. शेडवाले शिट्टीवर शिट्टी फुंकीत असता त्या धापा टाकीत दाखल जाहल्या, आणि किल्ली फिरली, आणि पिशवी बंदिवासातून मोकळी जाहली, आणि उभयतां फलाटावर उडी घेतात तों दरवाजे मिटले.

"बघितलंस? चोराला नेता आली नाही," भांडारराव छाती फुगवून वदले.

"तुम्हाला तरी कुठं आली?"

या वारानंतर लढाई उरली नाही. फलाटावरच तह ठरला की, पारपत्रे यापुढे कपड्यांआड कमरपट्ट्यात राहावी, फोन ज्याचा त्याजपाशी असावा, आणि चुकामूक जाहल्यास पुढे गेलेल्याने पुढल्याच स्थानकी उतरून थांबावे. विमान ऐन घटकेस गाठिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, दोन्ही पारपत्रे सहीसलामत स्वदेशी पावली. कुलूप आणि साखळी घाईत खांबासच राहिली, सबब तो खांब या फत्तेचा विजयस्तंभ म्हणून त्या शहराच्या पोटातून रोज फिरतो आहे, आणि लोक त्यास धरून उभे राहतात.