भाऊसोंचं ऐकणारी मोटर

जिनदत्त अण्णांनी अंगणातल्या खुर्चीत बसून हिरवं बटण दाबलं आणि ओढ्याकाठच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली. अण्णांनी आधी शेताकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. गुडघे धरल्यापासून विहिरीची वाट त्यांना लांबलांब होत चालल्यासारखी वाटत होती. म्हणून कुपवाडच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या लेकीने, भाग्यश्रीने, तिथल्याच एका वर्कशॉपातून हा रिमोट आणला होता.

"हेला वायर कुठं हाय?" अण्णांनी विचारलं.

"वायर न्हाई अण्णा. इथनं मोटरीपतोर रेडिओच्या लहरी जात्यात."

"मग बातम्या बी लागतील?"

"फक्त मोटर लागंल. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद."

अण्णांनी लाल दाबलं. मोटर थांबली. पुन्हा हिरवं दाबलं. सुरू झाली. सगळा जन्म बायको, पोरगी आणि गडी यांच्यापैकी कुणी एका हाकेत ऐकलं नव्हतं. मोटर ऐकत होती. त्या दिवशी अण्णा जेवायलाही रिमोट खिशात घालून बसले.

ही मजा जेमतेम दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी उसाच्या नव्या लागणीला पाणी सोडून अण्णा खुर्चीत टेकले, तोच मोटर आपोआप बंद पडली. अण्णांनी हिरवं दाबलं. सुरू झाली. थोड्या वेळाने पुन्हा बंद. अण्णांनी पुन्हा हिरवं दाबलं. मोटर पुन्हा बंद.

"आवं, सारखं दाबून दाबून बिघडवलासा तुमी," त्यांच्या बायको चंदनबाला स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मी चालूच करतोय. बंद कोण करतंय ते बघ की!"

तसं बघितलं असतं तर ओढ्यापलीकडे भाऊसो दिसले असते. पण ओढ्यापलीकडे बघायचं अण्णांनी केव्हाच सोडलं होतं. गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीत दोघे एकाच पॅनेलमधून निवडून आले, तेव्हा अण्णांनी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यात अण्णांचा फोटो दरवाज्याएवढा आला आणि भाऊसोंचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. वर त्यांचं नाव छापलं गेलं 'भासो'. अण्णा म्हणाले, छापणाऱ्याची चूक. भाऊसो म्हणाले, चूक हुती तर तुझ्या फोटोत का न्हाई झाली? तेव्हापासून शेताला शेत लागून असूनही बोलणं बंद होतं. भाऊसो मोटरीकडे जाताना तोंड दक्षिणेला ठेवत, अण्णा उत्तरेला.

पण गुडघ्यांनी भाऊसोंनाही सोडलं नव्हतं, आणि कुपवाडचं वर्कशॉप त्यांच्या जावयालाही सापडलं होतं. त्याच आठवड्यात तोच रिमोट त्यांच्याकडेही बसला होता. भाऊसोंची हळद काढणीला आली होती. रान वाळवायला त्यांनी पाणी तोडलं होतं, आणि नेमकी आता त्यांची मोटर मनाला येईल तेव्हा सुरू होत होती.

"ही मोटर येडी झालीया," भाऊसो लाल बटण दाबत म्हणायचे. "हळद कुजंल आता मातीत."

त्यांनी गड्यावर संशय घेतला. गडी चिडून पाहुण्यांकडे निघून गेला. मग त्यांनी वायरमनवर संशय घेतला. वायरमनने फोन उचलणं सोडलं. इकडे अण्णांनी रिमोटमधला सेल बदलला, रिमोट उन्हात ठेवला, एकदा खुर्चीवर उभं राहूनही दाबून पाहिला आणि उतरताना गुडघा आणखी दुखावून घेतला. लागण सुकायला लागली होती. वरंब्यांवरची कोवळी पानं सुतळीसारखी वळली होती, आणि अण्णांना जेवण जाईना.

या दोन घरांत बोलणं बंद होतं हे पुरुषांपुरतं खरं होतं. दुपारी अण्णा आडवे झाले आणि तिकडे भाऊसोही घोरायला लागले, की चंदनबाला आणि भाऊसोंच्या बायको साळूबाई यांचा फोन चालू व्हायचा. वर्षानुवर्षं एक दिवस चुकला नव्हता. त्या दुपारीही चंदनबाला मागच्या दारात बसून हळू आवाजात सांगत होत्या.

"काय सांगू साळूताई, आमची मोटर चालू केली की बंदच पडतीया."

"आणि आमची बंद केली की चालू हुतीया! आज सकाळी तर ह्यांनी डोक्याला हातच लावला."

चंदनबाला उठून उभ्या राहिल्या.

"साळूताई, तुमच्या दारातनं तुमची मोटर दिसती न्हवं? जरा बघा हां." चंदनबाला आत गेल्या, झोपलेल्या अण्णांच्या खिशातून रिमोट काढला आणि हिरवं बटण दाबलं.

"आवं वहिनी! पाणी पडाय लागलं!"

"आता तुमी लाल दाबा."

साळूबाईंनी भाऊसोंच्या उशाचा रिमोट उचलून लाल दाबलं. ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या मोटरी एकदम थांबल्या. चंदनबालांनी तोंडाला पदर लावला. साळूबाईंना हसू आवरेना, आणि आत भाऊसो कूस बदलून "कोण हाय?" म्हणाले, तसा फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी खरी अडचण लक्षात आली. हे सांगायचं कसं? सांगितलं तर, तुला कसं कळलं, हा प्रश्न पहिला येणार. आणि त्याचं उत्तर म्हणजे एवढ्या वर्षांचे फोन.

"त्यांचं त्यांनाच कळू दे," साळूबाई म्हणाल्या. "उद्या लाईट आली की दोघांना बी मोटरीवर धाडू. रिमोट घिऊन."

सकाळी लाईट आली. चंदनबालांनी, जवळ जाऊन दाबलं तर कदाचित चालेल, असं सुचवून अण्णांना काठी दिली. पलीकडे साळूबाईंनीही तेच सुचवलं. दोघे आपापल्या विहिरीवर पोचले. मध्ये कोरडा ओढा होता. अण्णांनी उत्तरेकडे तोंड करून हिरवं दाबलं. दोन्ही मोटरी गरजल्या. भाऊसोंनी दक्षिणेकडे तोंड करून लाल दाबलं. दोन्ही बंद.

मग दोघांचीही तोंडं हळूहळू मधल्या दिशेला वळली. अण्णांना भाऊसोंच्या हातातला रिमोट दिसला, भाऊसोंना अण्णांच्या.

सगळं कळलं होतं. फक्त बोलायचं बाकी होतं, आणि आधी कोण बोलणार? अण्णांनी भाऊसोंच्या डोळ्यांत बघत हिरवं दाबलं. भाऊसोंनी लाल. अण्णांनी हिरवं. भाऊसोंनी लाल. वर्षानुवर्षं तुंबलेलं भांडण दोघांनी तोंडातून एक शब्द न काढता मोटरींकडून भांडून घेतलं. हिरवं, लाल, हिरवं, लाल, आणि मग बांधावरच्या विजेच्या डीपीवर बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. धूर निघाला. साऱ्या शिवाराची लाईट गेली.

आजूबाजूच्या शेतांतून आरोळ्या उठल्या. सगळ्यांत पुढे उदयसिंह होता. त्याच्या भाजीचं पाणी अर्ध्यात तुटलं होतं आणि त्याचा आवाज गावभर प्रसिद्ध होता.

"कुणी उडवला रं फ्यूज? मोटर कोण चालू-बंद करत हुतं मघापासनं?"

अण्णांनी रिमोट धोतराच्या सोग्यात लपवला. भाऊसोंनी टोपी काढून रिमोटवर धरली.

"अण्णा, तुमी इथंच हुतासा न्हवं?" उदयसिंह अण्णांकडे वळला. अण्णा सोगा सावरू लागले.

"अण्णा माझ्यासंगं बोलत हुता," भाऊसो ओढ्यापलीकडून म्हणाले. "कवाधरनं."

उदयसिंह चक्रावला. "तुमी दोघं? बोलत हुता?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "बोलाय बंदी हाय का आमाला? भाऊसो आल्यापासनं त्येनं मोटरीला हात लावल्याला न्हाई. मी साक्षीला हाय."

या साक्षीत खोटं काही नव्हतं. मोटरीला हात कुणीच लावला नव्हता. दोघे बोलत होते या धक्क्याने उदयसिंह फ्यूजचं विसरला आणि ही बातमी गावात सांगायला निघून गेला.

तो दिसेनासा झाल्यावर भाऊसो ओढा उतरून अलीकडे आले. "गुडघं लय दुखत्यात व्हय रं?"

"लय. तुझं?"

"न्हाईतर कशाला घेतला असता रिमोट?"

दोघे बांधावर बसले. मग हसू आलं, ते थांबेना.

डीपीचा फ्यूज बसला. कुपवाडच्या वर्कशॉपाचा मिस्त्री येऊन म्हणाला, "दोन्ही मोटरींच्या पेट्या एकाच नंबरवर हायत. माझंच चुकलं, बसवताना बदलायचं ऱ्हाऊन गेलं." त्याने भाऊसोंच्या पेटीचा आणि रिमोटचा नंबर बदलला. लागणीला पाणी मिळालं, हळदीचं रान वाळलं, आणि भाऊसो दुपारचं झोपायचं सोडून अण्णांच्या अंगणात येऊन बसू लागले. ऊस, हळद, कारखाना, जावई, गुडघे. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. एक चहा व्हायचा, मग दुसरा. चंदनबालांची पाठ टेकेना आणि भाऊसोंच्या आवाजापुढे मागच्या दारातही फोनवर नीट ऐकू येईना.

आठवडाभराने त्यांनी भांडी घासता घासता फोन खांद्याने कानाशी धरला. "साळूताई, आवं, भाऊजींना जरा घरला बोलवा की. तिसरा चहा मागाय लागल्यात."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा तेवढा आवाज येत होता. साळूबाईंनी सावकाश जांभई दिली.

"ऱ्हाऊ द्या की वहिनी अजून थोडं," त्या म्हणाल्या. "हिकडं कसं लय शांत हाय."