शेषरावमामांची कोपरकाठी

आपण 'राम राम' म्हणावं, तर शेषरावमामा म्हणतात, "कोपर दाखव."

म्हणजे हात वाकवून उभं राहायचं. मामा बांबूची काठी जमिनीवर टेकवतात, आपलं कोपर काठीवरच्या कुठल्या खुणेपर्यंत येतं ते बघतात, "हं" म्हणतात आणि चालू लागतात. टेप खिशातच असतो, पण त्यांचा त्याच्यावर भरवसा नाही. "टेप आकडे बोलतो. आकड्याला खांदा आस्तो का?" बँकेत गेले तरी आधी काउंटर मोजतात. "दोन बोटं उंच हाय, सायेब. मान दुखत आसंल." भाचीच्या लग्नात तर त्यांनी वाढप्यांचं टेबल विटांवर चढवलं, तोवर पंगत ताटकळली.

मामा आमच्या बियाण्याच्या कारखान्यात फिटर. मी भंडाऱ्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. इथे जालन्यात सरकत्या पट्ट्यावरून कपाशीचं बी येतं, त्यातलं फुटकं-पोकळ मी वेचून काढते. घर इतकं लांब, की काम गेलं तर काय, या विचारानं मी रोज अर्धा तास आधीच येऊन थांबते. म्हणून मामा रोज दहा मिनिटं उशिरा कसे येऊ शकतात, याचं मला फार कुतूहल. त्यांच्या हातांना खोबरेल तेलाचा वास. एकदा तर शर्टाच्या खिशाला केसांची पिन अडकलेली.

"मामा, पिना कुणाच्या वो?" माझ्या शेजारी बी निवडणाऱ्या सुमननं विचारलं. आम्ही सगळ्या खिदळलो.

"तू कोपर दाखव," मामा म्हणाले.

यंदा नवा पट्टा घ्यायचं ठरलं. विकणारा रंगीत पुस्तक घेऊन आला. काळा रबरी पट्टा, उभ्यानं काम, वेग दुप्पट. "ज्यांचा हात पुरणार नाही, त्या बायका बदला," तो मॅनेजर साहेबांना म्हणाला. सगळ्यांत बुटकी मी. मी टाचा उंचावून उभी राहिले.

मामांनी भिंतीला टेकवलेली काळी छत्री उघडून उलटी ठेवली, शेजारी पांढरा रुमाल अंथरला आणि दोन्हींत मूठ मूठ बी टाकलं. लव काढलेलं कपाशीचं बी काळपटच असतं. "सायेब, छत्रीतलं फुटकं निवडा."

साहेबांनी छत्रीत डोकं घातलं. चष्मा पुसला, परत घातलं. "दिसत नाही हो."

"मंग बायांला काय दिव्यदृष्टी हाय?"

पट्टा पांढरा ठरला. वेगही उतरला. उंचीवर मात्र अडलं, कारण सुमन ताडमाड आणि मी ही अशी. मामांनी पुन्हा सगळ्यांची कोपरं मोजली. "पट्टा सुमनच्या कोपराला बराबर बसवा. बाकीच्यांच्या पायाखाली फळ्या देतो."

विकणारा हसला. "फळ्या?"

"बदलायचंच आसंल तं फळी बदला. बाई कशाला बदलता?"

मामांनी स्वतः फळ्या तासल्या, खडूनं नावं घातली. माझी सगळ्यांत जाड, चार बोटं. पहिल्या दिवशी तिच्यावर चढले आणि हात आपसूक बियांवर टेकले. त्या दिवशी मी जेवले पोटभर.

भावानं गावाकडून चिन्नोर तांदूळ आणला, तेव्हा त्यातला थोडा घेऊन मी सकाळीच जुन्या जालन्यात मामांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. मामी पाटावर बसल्या होत्या, हात मांडीवर. मागे मामा, दातात पिना धरून त्यांची वेणी घालत होते.

"ये गं," मामी हसल्या. "माझे हात वर जात न्हाईत. लई वर्षं बी निवडलं ना. खांदे गेले."

मामांनी दातातल्या पिना काढल्या. "हिच्या वक्ताचा पट्टा म्याच बसवल्ता. ही म्हणायची, उंच हाय. मी म्हणायचो, सवय व्हईल."

काठी दाराशीच उभी होती. तिच्यावरची सगळ्यांत जुनी खूण तेलकट बोटांनी काळी पडलेली. मी सहज हात वाकवला. कोपर बरोबर त्या खुणेवर टेकलं.

"तो पट्टा किती उंच होता, मामा?"

"चार बोटं," मामा म्हणाले. मग मामींकडे वाकून विचारलं, "घट्ट तं न्हाई झाली?"