मोजमापाचा हात

ज्याला आपले दुखणे बोलून दाखवता येत नाही, त्याची काळजी समाज मनापासून घेतो. बोलणाऱ्याला मात्र ‘होईल बरं’ एवढ्यावर भागवावे लागते.

तळ्यातल्या बास जातीच्या माशांच्या अंगावर शाई सांडल्यासारखे काळे डाग दिसू लागले, तेव्हा हौशी मासेमारांच्या गळ-मंडळाने दाखवलेली तत्परता अनुकरणीयच म्हटली पाहिजे. डाग-समिती नेमली गेली. डाग काळे की काळपट, हे ठरवायला उपसमिती बसली (निर्णय: काळपट, तीन विरुद्ध दोन). डागी मासा ओल्या पंच्यात धरावा, त्याच्यासमोर ‘डाग’ हा शब्द उच्चारू नये, आकार कळावा म्हणून हातात घेऊन त्याचा फोटो काढावा, तो मत्स्य-प्रयोगशाळेला पाठवावा आणि मासा सन्मानाने पाण्यात सोडावा, असे नियम झाले. प्रयोगशाळेचा आदेश आला त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी पाळावा, हा शेवटचा नियम खुद्द अध्यक्षांचा. फोटोतला हातही त्यांचाच असे (अंगठ्यामागे मसुराएवढा डाग असलेला, पण पकड पक्की).

कॅमेरा अध्यक्षांच्या पुतण्याकडे होता. ज्याला फोटोत उभे राहायचा संकोच, त्यालाच कॅमेरा देतात. म्हणजे त्याची उणीव कुणाला भासत नाही. संध्याकाळी पाणी काळवंडत जाताना तो भिंगातून सारे पाही आणि पाहिलेले मनातच ठेवी. एकदा काकांच्या घरातच असलेल्या मंडळाच्या खोलीत त्याने फोटो ओळीने लावले. मासे बदलत गेले होते. हात तोच होता. मसुराचा मात्र वाटाणा झाला होता.

“काका, हाताचं दाखवून येऊ या.”

“ऊन लागलंय रे. तू आधी शेपूट नीट घे फोटोत, दर वेळी कापतोस.”

“पण वाढलंय ते.”

“वयही वाढलंय. ते कुणाला दाखवू?”

“कुणापुढे तोंड वाजवतोस?” काकू आतून म्हणाल्या. “मासा घाबरेल म्हणून शिंक गिळणारा माणूस तो!”

यथावकाश प्रयोगशाळेचा अभिप्राय आला: ‘माशांचे डाग निरुपद्रवी. मात्र मोजमापाचा हात सदोष. त्यावरील डाग वाढत असल्याने तुलना बिघडते. हात बदलावा.’

मंडळाने एकमताने हात बदलला. खजिनदारांचा निवडला (निर्मळ, कामाला कधी लागलेलाच नाही). अपमानित काकांनी रात्रीचे जेवण टाकले.

तेव्हा पुतण्याने आयुष्यातले पहिले धाडस केले. काकांच्या हाताचा फोटो मोठा केला, बोटे कापून टाकली आणि उरलेला तुकडा मासा म्हणून पाठवून दिला. दुसऱ्याच दुपारी उत्तर आले: ‘हा मासा पाण्यात सोडू नये. तातडीने तज्ज्ञाला दाखवावा.’

“कुठला मासा हा?” काकांनी विचारले.

“तुम्ही, काका.”

काकांनी कागद पुन्हा वाचला. मग खिडकीतून उन्हाकडे पाहिले. सूर्यास्ताला दीड तास होता आणि नियम त्यांचाच होता. त्यांनी सदरा चढवला. काकूंनी ओला पंचा बरोबर दिला.

डाग काढल्यावर डॉक्टर म्हणाले, “आणखी थांबला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. ओळखलं कुणी?”

“माशांच्या खात्यानं,” काका अभिमानाने म्हणाले.

“नशीब. माणसांच्या खात्यात अजून तुमचा नंबर लागला नसता.”

(तो डाग या हकिगतीत अगदी आरंभीच नोंदवला होता, कंसात. आपण तेव्हा मासा पाहत होतात. हरकत नाही. आता हे पान धरलेला हात जरा उलटा करून पाहावा.)