धर्माशेठची इंग्रजी नोटीस

आमचे शेजारी धर्माशेठ भांडायच्या आधी इंग्रजीत नोटीस देतात.

"आय डोन्ट मिन्स माय वर्ड्स!" सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते उभे राहून गरजतात. मग आम्हा अडाण्यांसाठी अर्थ सांगतात, "मिन्स म्हंजे खिमा. मी शब्दांचा खिमा नाय करत. अख्खं पीस वाढतो!" टाळ्या पडतात, शेठ खुशीत बसतात आणि बंद लिफ्टचं बोलायचं राहूनच जातं.

रोडपाली गावात शेठच्या शेतीवर टॉवर उभे राहिले, तेव्हा त्यातल्याच एकात, आमच्या समोर, शेठ राहायला आले. एकटेच. साठी उलटल्यावर त्यांनी इंग्लिशचा क्लास लावला. शिकले काय, तर फक्त ठणकावून बोलायचे वाक्प्रचार. 'स्ट्रेट फ्रॉम द शोल्डर', म्हणजे सडेतोड, असं म्हणताना ते समोरच्याच्या खांद्यावर थाप मारतात. सेक्रेटरी हल्ली टेबलापलीकडे बसतात.

एकदा कोळणीला म्हणाले, "लेट मी बी क्रिस्टल क्लिअर, पापलेट शिलं हाय."

"क्रिस्टलचं नाय शेठ," ती म्हणाली, "मोऱ्याच्या बंदराचं हाय. सकालीच आलाय."

शेठनी मुकाट्याने घेतलं.

गेल्या वर्षी माझ्या बाबांना हार्ट अटॅक आला. शेठनीच गाडी काढली. ऑपरेशन झाल्यावर तरुण डॉक्टर बाहेर आले आणि भराभर बोलू लागले. प्रोग्नोसिस, पॅरामीटर्स, ऑब्झर्व्हेशन. मी नुसती "ओके, ओके" करत होते. अर्थ विचारायचं धाडस होत नव्हतं.

शेठ पुढे झाले. आता हे डॉक्टरांच्या खांद्यावर थाप मारणार, म्हणून मी डोळेच मिटले.

"डॉक्टर," शेठ हळू आवाजात म्हणाले, "मानूस वाचनार का नाय? तेवढं मराठीत सांगा."

डॉक्टर थबकले. मग हसले. "वाचले काका. धोका टळलाय. आठवड्याभरात घरी न्या."

मी तिथेच बाकावर बसून रडले.

शेठनी खालून चहा आणून दिला. स्वतःचा कप तसाच हातात धरून म्हणाले, "माज्या बायकोच्या, मंजुळाच्या टायमाला डॉक्टर असाच बोलला. मी आपला येस सर, येस सर. मना वाटला, बरी होनार. तिला बोललो, सोमवारी घरी जाऊ. मासे करू."

मी माझा कप बाकावर ठेवला.

"रविवारी गेली. कोनी सरल सांगितला असता, तर माशांचा विषय नसता काढला गो. दुसरा काय तरी बोललो असतो तिच्याशी." मग म्हणाले, "म्हनून क्लास लावला. मास्तरना बोललो, सरल बोलायचं तेवढं शिकवा. बाकी इंग्लिश तुमचं तुमाला."

चहावर साय धरली होती. ती त्यांनी बोटाने बाजूला केली आणि एकदम खेकसले, "बसलीस काय? आईला फोन लाव. ती बाई घरी देवाजवल बसली आसंल."

मी फोन लावला. "आई," मी पुटपुटले.

"मोठ्यानं सांग," शेठ म्हणाले, "तिला कमी ऐकू येतं."

मी मोठ्याने सांगितलं.