टेंबेजींच्या फाटकावरची हजेरी

इंदूरच्या सुदामा नगरात रोज सकाळी टेंबेजींच्या फाटकाबाहेर कुत्री रांगेत उभी असायची. रांग म्हणजे अगदी सरळ नव्हे, शेवटी कुत्रीच ती. पण एकमेकांच्या अंगावर चढत नसत, एवढं मी शपथेवर सांगतो. टेंबेजी बनियनवर बाहेर येत. चष्मा कपाळावर, हातात पोळ्यांची परात. "लाइन से, भिया! धक्कामुक्की नहीं!"

फाटकाच्या आत तीन कुत्री होती: जॉबर, बॉबिन आणि मुनीम. ही परमनंट. बाहेरची सगळी बदली. टेंबेजी पूर्वी कापड मिलमध्ये होते. तिथे कायमचा कामगार गैरहजर राहिला की फाटकावर ताटकळणाऱ्या बदलीवाल्यांतल्या एकाला त्या दिवसापुरतं आत घेत. मिलला टाळं लागलं तेव्हा लोक घरी काय काय घेऊन आले. टेंबेजी ही पद्धत घेऊन आले. बॉबिन कुठे उंडारायला गेलेला असला की ते फाटकात उभे राहून जाहीर करत, "बॉबिनचा खाडा!" आणि बाहेरच्यांपैकी एकाला आत घेऊन पोटभर वाढत. उरलेल्यांना अर्धी अर्धी पोळी आणि "कल आना." पोळीवर शेव भुरभुरावी लागे. इंदूरचं कुत्रं नुसत्या पोळीला तोंड लावत नाही.

टेंबेजी लेखक होते. विनोदी. मिल बंद पडल्यापासून पूर्णवेळ. विषय एकच, कुत्री. लेख पुण्याला जात आणि पुण्याहून परत येत. पाठवण्याआधी ते तिन्ही परमनंटांना वाचून दाखवायचे. जॉबर उठून गेला की तो परिच्छेद रद्द.

"काका, त्याला काय कळतं?" मी एकदा विचारलं.

"त्याला कंटाळा कळतो. संपादकांना स्वतःचा तरी कळतो का?"

एकदा जॉबरने अख्खा लेख न हलता ऐकला. टेंबेजी इतके खूश झाले की त्यांनी मला पोहे खिलवले. मग त्यांच्याच खिशातून शेवेची पुडी निघाली. "असं आहे तर," ते म्हणाले, "पुण्यालाही सोबत शेव पाठवायला हवी होती."

मी बुलढाण्याकडचा. आठवीत शाळा सुटली, आणि पुढे पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात लागलो. इंदुरात ओळखीचं कुणी नव्हतं. खोली शोधताना टेंबेजी फाटकाशी भेटले. त्यांनी शब्द टाकला म्हणून त्यांच्याच वर राहणाऱ्या घरमालकीण पुराणिककाकूंनी मला जिन्याखालची खोली दिली. पहिल्याच संध्याकाळी टेंबेजींनी हाक मारली, "आज मुनीमचा खाडा आहे. जेवायला ये." मला वाईट वाटलं नाही, पोळी गरम होती. पण तेव्हापासून मी त्यांच्या फाटकाशी थांबू लागलो. बोलावलं तर आत. परक्या गावात माणसाने आपली पायरी ओळखून असावं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग काकूंच्या मुलीला देवासचं एक स्थळ सांगून आलं. मुलाचे वडील पहाटेच्या बसने निघाले, पत्ता शोधत आले आणि नेमके टेंबेजींच्या फाटकाशी, कुत्र्यांच्या मागे उभे राहिले. टेंबेजींनी खिडकीतून पाहिलं. चष्मा नेहमीप्रमाणे कपाळावर.

"आज जगह नहीं है! कल आना!"

गृहस्थ परत देवासला गेले.

काकू खाली आल्या तेव्हा मी जिन्याखालीच बसलो होतो.

"टेंबेजी, हे घर आहे का मिल का गेट?"

"मला वाटलं, बदलीवाला आहे."

"रिटायर्ड हेडमास्तर आहेत ते!"

"उभे तसेच होते हो, काकू. संकोचून."

काकूंनी देवासला जाऊन स्थळ सांभाळलं, पण आल्यावर निकाल दिला. एक कुत्रं ठेवा, बाकीची काढा. रविवारपर्यंत. नाहीतर तुम्हीच खोली सोडा.

ते गेले की माझा जामीन गेला. त्या संध्याकाळी टेंबेजी ओट्यावर बसले होते, समोर तिघे. मी फाटकातूनच म्हणालो, "काका, जॉबरला ठेवा. बाकीच्यांना खजरान्याला सोडू. देवळापाशी प्रसादावर जगतील."

"छाटणी करू म्हणतोस." ते तिघांकडे पाहत होते. "मी मिलमध्ये काय होतो, माहीत आहे?"

"क्लार्क." सगळी कॉलनी तेच सांगायची.

"बदली. शेवटपर्यंत. परमनंट करतो, करतो म्हणाले, आणि मग करायला मिलच राहिली नाही." ते हसले, पण नेहमीसारखे नाही. "सकाळी बायको डबा द्यायची. आत नाही घेतलं की तो घशाखाली उतरायचा नाही. भरलेला डबा घरी कसा न्यायचा? मग गेटवरच्या कुत्र्यांना घालायचो आणि पाळी सुटेपर्यंत त्यांनाच काहीबाही ऐकवत बसायचो. पगाराच्या दिवशी तिला कळायचंच. पण रोज कशाला?"

बॉबिनने त्यांच्या पायावर मान टाकली.

"ही तिघं तिथलीच, गेटवरची. बायको गेली, मिल गेली. यांना नोटीस मी द्यायची?"

नोटीस त्यांनी काकूंना दिली, खोली सोडत असल्याची. आमच्या कारखान्यामागे एक पडीक गोदाम होतं, त्याचा एक कोपरा मिळाला. रविवारी आम्ही हातगाडीवर सामान लादलं: एक ट्रंक, एक स्टोव्ह, बाकी परत आलेले लेख. तिन्ही परमनंट गाडीमागे. बदलीवालेही निघाले, पण गल्लीच्या तोंडाशी थबकले. पुढे दुसऱ्या कुत्र्यांची हद्द होती. टेंबेजींनी मागे वळून हात वर केला. "कल आना" एवढं काही त्यांना म्हणवलं नाही.

काकूंनी मला काढलं नाही. "तू कशाला घाबरतोस रे?" एवढंच म्हणाल्या. आता सकाळी वरच्या गॅलरीतून पोळ्या पडतात. काकू लाइन से वगैरे काही म्हणत नाहीत, पण शेव असते.

सोमवारी काम सुटल्यावर मी गोदामाकडे गेलो. दाराशी थांबलो, सवयीने. आत जॉबर, बॉबिन, मुनीम, तिघेही हजर. मी मागे वळलो.

"कुठे चाललास?"

"आज कुणाचाच खाडा नाही, काका."

टेंबेजींनी कागदांतून मान वर केली. चष्मा या वेळी डोळ्यांवर होता.

"आत ये. तू कधी होतास बदलीत? बस इथे. वाचतो ते ऐक, आणि नाही आवडलं तर उठून जा. इथे तोच नियम आहे."

मी मुनीमच्या शेजारी बसलो. दुसऱ्याच परिच्छेदाला जॉबर उठून गेला.

मी बसून राहिलो.